एका हाताची दहा मिनिटे

एक कृपण मनुष्य चेरीची फळे खाताना बियादेखील टाकवत नाहीत म्हणून त्या फळांबरोबरच गिळून टाकतो. त्यांतल्या एका बीला त्याच्या पोटात ओल मिळते, अंकुर फुटतो, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या टाळूवर चेरीचे एक लहानसे झाड डोलू लागते. वसंत ऋतू येतो, झाड बहरते, आणि फुलांचा बहर पाहावयास सहकुटुंब, सहपरिवार निघण्याची जपानी लोकांची जी पुरातन रीत आहे तिला अनुसरून माणसांचे तांडेच्या तांडे चटया, फराळाचे डबे आणि मद्याच्या बाटल्या घेऊन या बिचाऱ्याच्या डोक्यावर मुक्काम ठोकतात. तेथे ती गातात, भांडतात, उष्टेखरकटे टाकतात आणि त्याला झोप म्हणून लागू देत नाहीत. अखेर वैतागून तो झाड मुळासकट उपटतो. मुळे निघाली तेथे खड्डा पडतो, खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, पाण्याचे तळे होते, आणि फुले पाहणारे गेले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा तोच पोहणारे आणि मासे धरणारे येऊन दाखल होतात. सरतेशेवटी तो मनुष्य त्या तळ्यात उडी घेऊन जीव देतो. म्हणजे स्वतःच्याच डोक्यावरच्या तळ्यात!

ही कथा 'राकुगो' नावाच्या जुन्या कलाप्रकारातली आहे. राकुगोत एकच कथेकरी आसनावर गुडघे मोडून बसतो, हाती एक पंखा आणि एक रुमाल एवढाच सरंजाम घेतो आणि सगळी पात्रे आपणच बोलून सभेला हसवतो. अशा कथेकऱ्याला शेवटचे वाक्य उच्चारून मोकळे होता येते; स्वतःच्या डोक्यावरून स्वतःच उडी कशी घ्यावी हे त्याला दाखवावे लागत नाही. चित्रकाराची मात्र त्यातून सुटका नसते. कोजी यामामुरा या नागोयात जन्मलेल्या चित्रकाराने २००२ साली 'आतामायामा', म्हणजे 'डोक्याचा डोंगर', हा दहा मिनिटांचा लघुपट पुरा केला तेव्हा त्याने हे अशक्य दृश्य टाळले तर नाहीच, उलट माणूस, त्याचे डोके, डोक्यावरचे तळे आणि तळ्यात डोकावणारा पुन्हा तोच माणूस अशी एकातून एक उलगडणारी साखळी उभी करून प्रेक्षकाला शेवटच्या क्षणी खरोखरच घेरी आणली. सोबतीला ताकेहारू कुनिमोतो या गायक-कथेकऱ्याचा खरखरीत, घशातून येणारा आवाज आणि शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचा ठणका. गोष्ट जुनी असली तरी रस्ते, इमारती आणि डोक्यावर दंगा करणारी नोकरदार मंडळी ही सगळी आजच्या तोकियोतली आहेत.

या दहा मिनिटांसाठी सुमारे १०,००० चित्रे काढावी लागली आणि सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत यामामुरा काही वनात जाऊन बसले नव्हते; लहान मुलांसाठी दूरदर्शनवर दाखवायच्या चिमुकल्या चित्रफिती करून ते आपला चरितार्थ चालवीत होते, आणि त्या कामातून उरलेल्या वेळात हा माणूस, हे झाड आणि हे तळे चौकटीचौकटीने पुढे सरकत होते. लघुपटाला पुढे ऑस्करचे नामांकन मिळाले आणि २००३ साली फ्रान्समधल्या आनसी येथील महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिकही मिळाले. परंतु या कलेविषयी मला जे सांगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने पारितोषिकांपेक्षा सहा वर्षे आणि दहा मिनिटे हे त्रैराशिक अधिक महत्त्वाचे आहे.

जपानी ॲनिमेशन म्हटले की आपल्याकडे ज्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात त्या या त्रैराशिकात बसणाऱ्या नव्हेत. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी घरोघरच्या दूरदर्शन संचापुढे गोळा होऊन मोगलीची गोष्ट पाहणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना ती चित्रे जपानात काढलेली आहेत याची वार्ता होती. त्यांच्या मुलांना डोरेमॉन आणि शिनचॅन हे शेजाऱ्यापाजाऱ्यांइतके परिचित आहेत. आणि अलीकडे माकोतो शिनकाई यांचे चित्रपट आपल्या शहरांतल्या चित्रपटगृहांतही लागू लागले आहेत. हे सगळे मोठ्या कारखान्यांचे काम आहे, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण हेच शिनकाई २००२ साली 'होशी नो कोए' हा पंचवीस मिनिटांचा लघुपट घरच्या संगणकावर जवळजवळ एकट्याने तयार करून तोकियोतल्या शिमोकिताझावा भागातल्या एका लहानशा चित्रपटगृहात घेऊन आले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कारखान्याच्या उंच भिंतीला लागूनच जपानात एक लहानशी वाडी आहे, आणि तिच्यात प्रत्येक जण आपापले एकच झाड लावून त्याला पाणी घालीत बसलेला असतो.

या वाडीतल्या कामाला तेथे 'जिशु सेइसाकु' असा शब्द आहे. आपण होऊन, आपल्या जबाबदारीवर केलेली निर्मिती, असा त्याचा अर्थ घ्यावा. 'स्वतंत्र' हा आपला शब्द त्यासाठी वापरताना जरा जपून वापरावा लागतो. पैशाच्या बाबतीत ही मंडळी पूर्णपणे स्वतंत्र कधीच नव्हती: कोणी जाहिराती करतो, कोणी विद्यापीठात शिकवतो, कोणाला सरकारी अनुदान मिळते, तर कोणाला एखादी कंपनी पोटाशी धरते. त्यांनी झुगारले ते मुदतीचे जोखड. ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ रोजी आतोम या यंत्रबालकाची मालिका दर आठवड्याला अर्धा तास दूरदर्शनवर आणली, तेव्हापासून जपानी ॲनिमेशनचा सगळा जमाखर्च मुदतीच्या खात्यावर मांडला जाऊ लागला. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. जपानी कारागीर चौकटीला 'कोमा' म्हणतात. एक चित्र दोन कोमा टिकवले तर सेकंदाला बारा चित्रे पुरतात, तीन कोमा टिकवले तर आठ पुरतात, आणि पात्राचे अंग स्थिर ठेवून नुसते ओठ हलवले तर त्याहूनही कमी. शनिवारचा भाग शनिवारीच दाखवणे भाग असल्याने ही काटकसर अपरिहार्य होती, आणि तिच्यातून पुढे एक डौलदार शैलीही निर्माण झाली हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ज्याच्यावर शनिवारचा हुकूम चालत नाही त्याला कोणत्या हालचालीसाठी किती चित्रे खर्चावीत याचा निर्णय त्या हालचालीलाच विचारून करता येतो. असा लघुपट पाहताना आपण डोळ्यांपुढे धरावयाचा पहिला प्रश्न हाच: येथे माणसाने हात कोठे सढळ सोडला आहे, आणि कोठे आखडून धरला आहे?

जपानात या कलेचा जन्म १९१७ सालचा धरतात. त्या एका वर्षात तीन निरनिराळ्या चित्रकारांनी एकमेकांच्या आगेमागे आपापली हलती चित्रे पडद्यावर आणली. त्यांपैकी जुनइची कोउची यांच्या 'नामाकुरा गाताना', म्हणजे 'बोथट तलवार', या चित्रफितीत एक बावळट सामुराई नवी घेतलेली तलवार वाटेने जाणाऱ्या गरिबांवर चालवून पाहू जातो आणि त्यांच्याच हातचा मार खातो. ही चित्रफीत कायमची हरवली असे समजले जात असता ओसाकातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तिचा पत्ता लागला आणि २००८ साली ती पुन्हा लोकांपुढे आली. हे वाचताना मराठी वाचकाला एक हळहळ वाटल्यावाचून राहणार नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास, म्हणजे जपान्यांच्याही आधी, आगकाड्या एक एक चौकट सरकवून 'आगकाड्यांची मौज' ही चित्रफीत केली होती. तिला कोणताही जुना बाजार पावला नाही.

कारखाना उभा राहण्याच्या पुष्कळ आधी एकट्याने काम करणारा जो पहिला मोठा माणूस झाला तो नोबुरो ओफुजी. चियोगामी नावाचा नक्षीदार रंगीत कागद जपानी मुली बाहुल्यांचे कपडे करावयास वापरत. ओफुजींनी १९२६ साली तोच कागद कात्रीने कापून त्याची माणसे, घोडे आणि किल्ले केले. पुढे १९५२ साली त्यांनी 'कुजिरा', म्हणजे 'देवमासा', हा आपलाच जुना विषय रंगीत, पारदर्शक सेलोफेनचे थर एकावर एक रचून आणि मागून उजेड सोडून नव्याने केला. समुद्र आहे, फुटलेले गलबत आहे, एक स्त्री आहे आणि तिच्यावर वखवखलेले पुरुष आहेत. पण या आकृतींना चेहरे जवळजवळ नाहीतच, आहेत त्या केवळ एकमेकींतून आरपार दिसणाऱ्या छाया. दुसऱ्या वर्षी हा लघुपट कान महोत्सवात दाखवला गेला. ओफुजी १९६१ साली वारले, आणि १९६२ पासून मैनिची वृत्तपत्राच्या चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. तो पहिल्यांदा मिळाला तेझुकांना, आणि तोही आतोमसाठी नव्हे.

तेझुका हे या कहाणीतले मोठे विलक्षण पात्र आहे. ज्या माणसाने दूरदर्शनचे रहाटगाडगे सुरू केले त्यानेच दुसऱ्या हाताने, कोणी फर्माईश केलेली नसताना, प्रयोगात्मक लघुपट चालू ठेवले, आणि एका वहीतली कमाई दुसऱ्या वहीत बिनदिक्कत खर्ची टाकली. १९८४ सालच्या 'जंपिंग' मध्ये कॅमेऱ्याच्या जागी एका उड्या मारणाऱ्या मुलाचे डोळे आहेत असे समजावयाचे. उडी आधी हातभर, मग घराएवढी, मग गावाएवढी होते. आपण झाडांवरून, शहरांवरून, समुद्रावरून जातो, एका युद्धभूमीत पडतो, थेट नरकात पोचतो आणि तेथून उसळून पुन्हा पहिल्या रस्त्यावर येऊन टेकतो. सहा मिनिटांत एकही छेद नाही. दर उडीला जमिनीचे अवघे चित्र नव्याने काढावे लागते, म्हणजे दूरदर्शनच्या काटकसरीचा जो मूलमंत्र, पार्श्वभूमी एकदाच काढावी आणि तिच्यापुढे पात्र हलवावे, तोच येथे मुळापासून उलटा केलेला आहे. कारखान्याच्या मालकाने रात्री गुपचूप येऊन स्वतःच्याच यंत्राची थट्टा करावी असा हा प्रकार आहे.

तेझुकांच्याही आधी, १९६० साली, योजी कुरी, र्‍योहेइ यानागिहारा आणि हिरोशी मानाबे या तिघा चित्रकारांनी 'तिघांची मंडळी' असे साधे नाव घेऊन तोकियोतल्या सोगेत्सु सभागृहात आपले लघुपट दाखवावयास प्रारंभ केला होता. सोगेत्सु हे मूळचे पुष्परचनेचे घराणे. त्याच्या छत्राखाली त्या काळी नवे संगीत, नवे नाट्य आणि नवे चित्र यांची मोठी वर्दळ असे. कुरींच्या 'मानवी प्राणिसंग्रहालय' मध्ये पुरुष पिंजऱ्यात आहेत आणि स्त्रिया त्यांना छळत आहेत, एवढेच काय ते घडते; पण संगीतकार तोरु ताकेमित्सु यांनी माणसांच्या हुंकारांतून आणि किंकाळ्यांतून रचलेला ध्वनी त्यावर असा काही बसतो की हसावे की उठून जावे हे कळेनासे होते. कुरींचे पुष्कळसे काम मला आवडत नाही. त्यात एकच विनोद फार वेळा येतो. तथापि ॲनिमेशन हे मुलांचे खाते आहे हा समज जपानात कोणी मोडला असेल तर तो या तिघांनी, आणि मोडला तोही तीन-तीन, चार-चार मिनिटांच्या चित्रफितींनी.

किहाचिरो कावामोतो यांच्याविषयी मात्र घाईने लिहिता येत नाही. बाहुल्या करणारा हा तरुण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तोकियोत बरीवाईट कामे करीत असता चेक कलावंत यिरी त्रन्का यांचा बाहुल्यांचा चित्रपट त्याच्या पाहण्यात आला, आणि आपण आजवर करीत होतो ते काहीच नव्हे अशी त्याची खात्री झाली. त्याने त्रन्कांना पत्र लिहिले, परवानगी मिळवली आणि १९६३ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, विद्यार्थी होऊन प्राग गाठले. त्रन्कांनी त्याला दिलेला उपदेश असा सांगतात, की युरोपच्या बाहुल्यांची नक्कल न करता तुझ्या देशाच्या नो नाट्यात आणि बुनराकू या बाहुल्यांच्या नाट्यात काय आहे ते पाहा. गुरूकडे जाऊन गुरूने घरचीच वाट दाखवावी, हे आपल्याला नवे नाही. पण त्यासाठी चेकोस्लोव्हाकियापर्यंतचा प्रवास करावा लागला.

त्या प्रवासाचे फळ म्हणजे १९७६ सालचा 'दोजोजी'. एका तरुण यात्रेकरू भिक्षूवर एक विधवा मोहित होते. तो परत येण्याचे खोटे वचन देऊन पळतो. ती त्याच्या मागे धावते, नदी आडवी येताच तिची नागीण होते, आणि तो ज्या मंदिराच्या घंटेखाली लपलेला असतो त्या घंटेला वेढे घालून ती त्याला जाळून टाकते. कावामोतोंच्या बाहुलीचा चेहरा लाकडासारखा स्थिर आहे. डोळे नि भुवया क्वचितच हलतात, ओठ तर हलतच नाहीत. नो नाट्यात मुखवटा किंचित वर केला तर त्यावर उजेड पडून तो हसल्यासारखा दिसतो आणि खाली झुकवला तर छाया येऊन तो रडू लागतो. कावामोतोंनी हेच गणित बाहुलीच्या मानेत घातले. एका चौकटीत मान केसभर झुकवावयाची, छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा केसभर झुकवावयाची. ती स्त्री धावत सुटते तेव्हा तिचे केस आणि वस्त्र वाऱ्यावर उडतात. तो वारादेखील हातानेच, एकेक घडी सरकवून घातलेला आहे. चेहऱ्यावर काहीही न घडता इतका क्रोध चेहऱ्यावर कोठून आला, असा विचार करीत मी हा लघुपट तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझ्या ध्यानात आले की क्रोध तिच्या मानेत आणि खांद्यांत आहे. नवख्या माणसाने या कलेत प्रवेश करावयाचा तर याच दारातून करावा असे मी सुचवीन, कारण येथे भाषा कळण्याची गरज नाही आणि शिल्प डोळ्यांना धडधडीत दिसते.

उतारवयात, २००३ साली, कावामोतोंनी कवी बाशो आणि नागोयाचे कवी यांनी १६८४ साली रचलेल्या 'फुयु नो हि', म्हणजे 'हिवाळ्याचे दिवस', या छत्तीस कड्यांच्या साखळी-काव्यावर देशोदेशींच्या पस्तीस कलावंतांकडून कडी करवून घेतली. आरंभीचे कडे रशियाच्या युरी नोर्श्तेइन यांना दिले. साखळी-काव्याचा नियमच असा, की पुढल्या कवीने मागल्याची कडी उचलावयाची आणि तिला भलतेच वळण द्यावयाचे. ज्या कलेत प्रत्येक जण आपल्या खोलीत दार लावून बसतो त्या कलेला याहून चांगली मैफल मिळाली नसती. तरी प्रांजळपणे सांगावयाचे तर सगळीच कडी सारखी नाहीत; काही पाहून विसरावीत अशी आहेत.

या माणसांना एकमेकांचे काम पाहण्याची कायमची जागा मिळाली ती १९८५ साली, हिरोशिमाच्या आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सवात. त्यामागे रेन्झो किनोशिता आणि सायोको किनोशिता या दांपत्याची खटपट होती. शहराची निवड अर्थातच सहज केलेली नव्हती. याच दांपत्याने १९७८ साली 'पिकादोन' हा लघुपट केला होता. 'पिका' म्हणजे लखलखाट आणि 'दोन' म्हणजे धडाका. अणुबाँब पाहिलेल्या लोकांनी त्याला दिलेले हे नाव. लघुपटात संवाद नाहीत. सकाळ आहे, न्याहारी चालली आहे, एक मूल कागदाचे विमान उडवते आहे, आणि चित्रे मुलांच्या पुस्तकातल्यासारखी गोल, मऊ आहेत. घड्याळात सव्वाआठ होतात. त्यानंतर तीच गोल, मऊ चित्रे वितळू लागतात. बाँब पडताना पाहिलेल्या माणसांनी स्वतः काढलेल्या चित्रांचा आधार त्या दृश्यांना आहे, आणि छायाचित्राने जे दाखवताना आपण डोळे मिटले असते ते रेषेने दाखवल्यामुळे डोळे उघडे राहतात. ही सोय आहे की शिक्षा आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. २०२० पर्यंत हा महोत्सव चालला. नोर्श्तेइन, एस्टोनियाचे प्रीत पार्न, गुजरातेत जन्मून कॅनडात स्थायिक झालेले आणि नुसते मणी सरकवून 'बीड गेम' सारखा लघुपट करणारे ईशू पटेल, अशा कलावंतांचे काम पाहून जी पिढी तयार झाली तिचे अग्रणी म्हणजे यामामुरा. पुढे तोकियो कला विद्यापीठाने २००८ साली योकोहामात ॲनिमेशनचा पदव्युत्तर विभाग उघडला आणि यामामुरा तेथे अध्यापक झाले.

त्यांच्या नंतरच्या मंडळींत तर सामग्रीचा आणि स्वभावाचा इतका निरनिराळेपणा आहे की त्यांची एक यादी करणेच अन्यायाचे होईल. नाओयुकी त्सुजी कोळशाने कागदावर चित्र काढतात, छायाचित्र घेतात, मग तेच चित्र बोळ्याने पुसून त्याच कागदावर पुढचे काढतात. कोळसा पूर्ण पुसला जात नाही. म्हणून त्यांच्या प्रत्येक आकृतीमागे तिच्या गेल्या क्षणांची धूसर पिसे तरंगत राहतात, आणि ढग, पंख, देवदूत हे त्यांचे आवडते विषय त्या धुरातच उगवतात. मिराई मिझुए यांनी वर्षभर दररोज चोवीस चित्रे, म्हणजे एका दिवसाला एका सेकंदाची हालचाल, असा नेम धरून ८,७६० चित्रांचा 'वंडर' पुरा केला. त्यात गोष्ट नाही, माणूस नाही, केवळ पेशींसारखे रंगीत आकार फुटतात, जुळतात, वाहतात. एखाद्याने वर्षभर केलेल्या जपाची माळ सहा-सात मिनिटांत आपल्यापुढून ओढून न्यावी तसे ते आहे, आणि पाहताना मनात येते की यातला कोणता सेकंद तापात काढला असेल आणि कोणता सणाच्या दिवशी.

आत्सुशी वादा यांच्या लघुपटांत सर्वांत कमी घडते. साध्या यांत्रिक पेन्सिलीच्या बारीक रेषेतली गुबगुबीत, एकमेकांसारखी दिसणारी माणसे एखादे निरर्थक कृत्य अतिशय गंभीरपणे, पुन्हा पुन्हा करीत राहतात. २०१२ साली बर्लिनमध्ये लघुपटांचे रौप्य अस्वल मिळवणारा त्यांचा 'ग्रेट रॅबिट' मी परिचितांच्या एका शाळकरी मुलाला दाखवला. सात मिनिटे तो निमूट बसला आणि मग म्हणाला, "काका, सुरू कधी होणार?" प्रश्न बिनतोड होता. जपानी कलाविचारात 'मा' नावाची एक संकल्पना आहे. दोन आवाजांमधली, दोन वस्तूंमधली, दोन हालचालींमधली मोकळी जागा. वादा हालचाल रेखाटतात ती या जागेला काठ असावेत म्हणून. तबल्याची खाली ज्याच्या कानाला कळते त्याला हे समजावून सांगावे लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला समजावून उपयोग नाही. पण त्या मुलाने नंतर आपण होऊन लघुपट पुन्हा लावावयास सांगितले एवढे नमूद करतो.

दुसऱ्यांदा पाहणे, हाच या बाबतीत माझा एकमेव आग्रह आहे. दोन-अडीच तासांचा बोलपट दुसऱ्यांदा पाहणे म्हणजे दुसरी संध्याकाळ खर्च करणे. येथे मात्र दहा मिनिटांचा प्रश्न आहे. पहिल्या खेपेला आपण गोष्टीच्या मागे धावतो, आणि गोष्ट बहुधा निसटते. दुसऱ्या खेपेला ती सुटलेली असल्यामुळे हात दिसू लागतो. होनामी यानो यांचा २०२१ सालचा 'होनेकामी' पाहा. एका लहान बेटावर वडिलांचे अंत्यविधी चालले आहेत, आणि एका मुलीला त्यांच्या समवेत घालवलेला शेवटचा उन्हाळा आठवतो आहे. आपल्याकडे अस्थी सावडतात तशाच जपानातही दहनानंतर अस्थी वेचतात. या कुटुंबात त्या अस्थीचा कण दाताखाली धरावयाचा असतो, आणि त्या मुलीला ते करवत नाही. पहिल्या खेपेला ही हकीगतच इतकी अंगावर येते की सारे चित्र असंख्य ठिपक्यांनी काढलेले आहे हे नुसते जाणवून जाते. दुसऱ्या खेपेला दिसते की ठिपके एका जागी ठरत नाहीत. माणूस, समुद्र, झाडी यांची कड सतत भुरभुरत असते, आणि हाडाची राख व आठवणीची राख एकाच हाताने चिमटीतून सोडलेली आहे. त्या वर्षी कॅनडातल्या ओटावा महोत्सवाचे लघुपटांसाठीचे प्रथम पारितोषिक याला मिळाले.

ज्यांना एवढे एकदम झेपणार नाही त्यांनी कुनिओ कातो यांच्या 'त्सुमिकी नो इए', म्हणजे 'ठोकळ्यांचे घर', पासून आरंभ करावा. २००८ सालचा हा बारा मिनिटांचा लघुपट एका कंपनीच्या आश्रयाने झाला, दुसऱ्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले, आणि म्हणून काही कर्मठ लोक त्याला स्वतंत्र म्हणावयास तयार नसतात. त्यांचा मुलाहिजा ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. एका शहरात पाणी वर्षानुवर्षे चढत आहे. एक म्हातारा पाणी आले की विटा रचून घरावर आणखी एक खोली चढवतो आणि खालची खोली पाण्याला देऊन टाकतो. एके दिवशी त्याची धूम्रपानाची नळी खालच्या मजल्यात पडते. ती काढण्यासाठी तो पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरतो, आणि एकेक मजला खाली जाताना एकेक वय खाली जातो: आजारी बायको, लग्न करून जाणारी मुलगी, लहान मुलगी, आणि अगदी तळाशी, पाणी नव्हते त्या दिवसांत, दोघांनी मिळून बांधलेले पहिले घर. एक शब्दही उच्चारलेला नाही. कागदावरची पेन्सिलीची खरड मुद्दाम राहू दिलेली आहे, त्यामुळे भिंती जुन्या वाटतात, आणि पाणी मात्र स्वच्छ. अखेरीस म्हातारा वर येऊन मद्याचे दोन पेले भरतो.

हे सगळे पाहावयास मिळणे पूर्वी दुर्घट होते. आता तोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपानी ॲनिमेशनच्या शताब्दीनिमित्त २०१७ साली आपल्या दप्तरातल्या अनेक जुन्या चित्रफिती सर्वांना खुल्या केल्या आहेत, आणि नव्यांपैकी कित्येक चित्रकार आपले जुने काम स्वतःच लोकांपुढे ठेवतात. पडदा मोठा असावा, खोली अंधारी असावी आणि दूरध्वनी दुसऱ्या खोलीत असावा, यापलीकडे कसलीही तयारी लागत नाही.

एका माणसाचे नाव मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवले होते. तादानारी ओकामोतो हे कावामोतोंचे समकालीन, मित्र, आणि काही अंशी प्रतिस्पर्धीही. १९७२ पासून १९८० पर्यंत दोघांनी मिळून बाहुल्यांच्या खेळांचे आणि लघुपटांचे जाहीर कार्यक्रम केले. कावामोतो जन्मभर बाहुलीशी एकनिष्ठ राहिले; ओकामोतोंनी मात्र एकदा वापरलेली सामग्री शक्यतो पुन्हा वापरावयाची नाही असा चंग बांधला होता, आणि लाकूड, चामडे, लोकर, कागद असे जे हाती येईल त्याला त्यांनी चालावयास शिकवले. १९८२ सालच्या 'ओकोन जोरुरी' मध्ये एक म्हातारी देवऋषीण आणि जोरुरी नावाची कथागीते गाऊन दुखणी बरी करणारी एक कोल्ही आहे. त्या दोघींचा लोभ पाहून ज्याचा कंठ दाटत नाही त्याने वैद्याला दाखवावे. यानंतर ओकामोतोंनी लेखक केन्जी मियाझावा यांची एक प्रसिद्ध कथा हाती घेतली. दोन शिकारी रानात वाट चुकून एका भोजनगृहात शिरतात. तेथे दारामागून दार लागते, दर दारावर नवी सूचना लिहिलेली असते, आणि बऱ्याच उशिरा त्यांना उमगते की पाहुणे आपण नसून पक्वान्न आपण आहोत. ही चित्रे ताम्रपटावर कोरल्यासारखी, काळपट आणि बारीक रेषांची आहेत. काम अर्ध्यावर असताना, १९९० साली, ओकामोतो वारले. कावामोतोंनी आपल्या बाहुल्या बाजूला ठेवून मित्राचे ते रेखाचित्रांचे काम हाती घेतले आणि १९९१ साली पुरे केले. मी तो लघुपट दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा पाहिला तो निव्वळ कोठे एक हात थांबला आणि दुसरा सुरू झाला ते शोधण्यासाठी. मला तो सांधा सापडला नाही. एका दारापाशी क्षणभर संशय आला होता, तेवढ्यात शिकारी पुढच्या खोलीत गेले.